.२२, ९ एमएम की .४५: सप्रेसर लावलेल्या पिस्तुलांची नोंदवही

१२ एप्रिल २०२५

ऑस्टिनच्या पश्चिमेला मित्राचं रँच आहे. तिथं मातीचा उंच बांध घालून आम्ही कागदी टारगेटवर पिस्तूल चालवतो. यंदा पलीकडच्या शेजाऱ्यानं घोड्या आणल्या. ९ एमएमचा पहिला बार उडाला की त्या उधळून कुरणाच्या दुसऱ्या टोकाला जातात. शेजारी भला माणूस, भांडला नाही. "सप्रेसर का नाही घेत तुम्ही?" एवढंच विचारून गेला. सप्रेसर म्हणजे नळीच्या टोकावर बसणारा, बाराचा आवाज दाबणारा डबा, सिनेमातला सायलेन्सर. माझ्याही डाव्या कानात रात्री किणकिण असतेच. म्हणून घेतोय.

प्रश्न एवढाच, की शांत म्हणावं असं पिस्तूल कुठल्या कॅलिबरचं, म्हणजे गोळीच्या कुठल्या मापाचं. घरात तीन आहेत: .२२ एलआर, ९ एमएम आणि .४५ एसीपी. दुकानात एकानं सांगितलं, .४५ जन्मजात सबसॉनिक (गोळी ध्वनीपेक्षा हळू), तेच घ्या. दुसरा म्हणाला, .२२ म्हणजे मांजराची शिंक. तिसरा म्हणाला, ९ एमएममध्ये १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी घाला, विषय संपला. तिघंही खरं तेच सांगत होते, आणि माझं काहीच ठरलं नाही.

आजचं काम नुसतं कागदी. फॉर्म ४ (सप्रेसर नावावर करून घ्यायचा सरकारी अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, शेरीफला अर्जाची प्रत आणि दर नगामागे २०० डॉलर कर. हा २०० चा आकडा १९३४ च्या कायद्यातला, तेव्हापासून एका पैशानं हललेला नाही. दोन नग सांगितले. एक फक्त .२२ चा. दुसरा .४५ च्या भोकाचा. त्याचा पिस्टन, म्हणजे नळीच्या आट्यांवर बसणारा सुटा भाग, बदलला की तो ९ एमएमच्या नळीवरही बसतो.

इथल्या आपल्या मंडळींसाठी: टेक्सासात हे कायदेशीर आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये नाही. ग्रीनकार्डवाल्याला चालतं. एच-वनवाल्यानं मात्र रेंजवरही बंदूक किंवा काडतूस हातात घेऊ नये. शिकारीच्या परवान्याचे वगैरे अपवाद आहेत, पण व्हिसा पणाला लावण्याइतकी ही हौस मोठी नाही.

३ मे

दोन्ही मंजुऱ्या आल्या. जुने लोक वर्षभर थांबल्याच्या कहाण्या सांगतात. ऑनलाइन अर्ज आता लवकर सुटतात. मंजुरी येईपर्यंत वस्तू डीलरच्या तिजोरीतच राहते. पैसे आपले, दर्शन काचेतून.

घरी येऊन पहिलं काम रंगाचं केलं. .२२ च्या आणि ९ एमएमच्या नळीचे आटे सहसा एकच असतात, अर्धा इंच बाय २८. म्हणजे .२२ चा सप्रेसर ९ एमएमच्या नळीवर अगदी गुमान बसतो. आणि मग ९ मिलिमीटरची गोळी साडेपाच मिलिमीटरच्या गोळीसाठी पाडलेल्या भोकात शिरते. पुढचं सांगायला नको. .४५ चे आटे वेगळे, ती भीती तिथं नाही. .२२ च्या डब्यावर आणि त्याच्या पिस्तुलाच्या नळीवर लाल नेलपॉलिशचा पट्टा मारला. बायकोची बाटली होती, तिला नवीन आणून द्यायची आहे.

१७ मे

आजचा दिवस नुसता तपासणीत गेला, आणि गेला ते बरं झालं.

अलाइनमेंट रॉड म्हणजे नळीत घट्ट बसणारी सरळ सळई. सप्रेसर लावायचा, सळई नळीतून सरकवायची आणि पुढच्या भोकात ती मधोमध दिसते का ते बघायचं. .२२ मध्ये मधोमध. .४५ मध्ये मधोमध. ९ एमएममध्ये सळई सहा वाजताच्या बाजूला सरकलेली, खालच्या कडेला जवळजवळ टेकलेली. डोळ्यावर विश्वास बसेना म्हणून सप्रेसर काढून, पुसून, पुन्हा लावला. तेच. मग नुसती नळी हातात घेऊन उजेडात फिरवली. आटे संपतात तिथला खांदा एका बाजूला पुरता सपाट नव्हता, नखाला अडेल इतका उंचवटा होता. सप्रेसर त्या खांद्याला टेकून बसतो. खांदा तिरका तर डबा तिरका. नळीच्या टोकाशी केसभर फरक, तोच सहा-सात इंच पुढं गेल्यावर गोळी बॅफलला (डब्यातल्या भोकाच्या आडव्या पडद्यांना) घासेल इतका होतो.

ही नळी मूळ पिस्तुलाबरोबर आलेली नाही, आटे हवेत म्हणून वेगळी घेतलेली. विकणाऱ्यानं कुरकुर न करता बदलून द्यायचं कबूल केलं, पण त्यात काही आठवडे जाणार. ज्यांना यात पडायचंय त्यांनी सळई आधी घ्यावी, काडतुसं नंतर. सळईला पन्नास-साठ डॉलर पडतात. बॅफलला गोळी घासली तर सातशे डॉलरचा डबा गेला.

१४ जून

नवी नळी सरळ आहे. आवाज मोजायचा म्हणून फोनवर डेसिबलचं ॲप घेतलं, आणि सकाळभर आकडे लिहून घेतले. सगळे फेकून द्यावे लागले. सप्रेसर नसलेलं ९ एमएम आणि सप्रेसर लावलेलं .२२ यांच्यात ॲपला जेमतेम दहा डेसिबलचा फरक दिसला. कान सांगत होते तो जमीन-अस्मानाचा.

कारण साधं आहे. बाराचा शिखर-आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत येऊन जातो. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. तो त्या दणक्याला एका मर्यादेवर कापून टाकतो आणि उरलेलं सरासरीत घालतो. ॲमेझॉनवरचा स्वस्त मीटर घेतला तरी तेच. लष्करी पद्धतीची मोजणी नळीच्या तोंडापासून डावीकडं एक मीटर, जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर माइक ठेवून होते. त्याला लागणारं यंत्र हजारो डॉलरचं. ते आपलं काम नाही.

ढोबळ आकडे सगळीकडं छापलेले आहेत. उघडं ९ एमएम किंवा .४५ म्हणजे १६० डेसिबलच्या आसपास. सप्रेसर लावल्यावर .२२ साधारण ११५ ते १२०, ९ एमएम १२५ ते १३०, .४५ त्याच्या थोडं वर. अशा क्षणिक आवाजाला १४० ही धोक्याची रेघ मानतात. सप्रेसर त्या रेघेच्या खाली आणतो म्हणून कानात बोळे घालायचे नाहीत असं नव्हे. मी घालतोच.

तेव्हा ठरलं ते असं: डेसिबल सोडून द्यायचे. गोळीचा वेग क्रोनोग्राफवर मोजायचा, आणि आवाज लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या कानानं ऐकायचा.

५ जुलै

काल कायद्यावर सही झाली. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर शून्य. नव्वद वर्षं न हललेला आकडा हलायला मी पैसे भरायचीच वाट बघत होता. फॉर्म, ठसे, मंजुरी सगळं तसंच राहणार आहे. घाई नसेल त्यांनी जानेवारीपर्यंत थांबावं. तेव्हा अर्जांची झुंबड उडणार हेही धरून चाला.

९ ऑगस्ट

पारा ३७. क्रोनोग्राफवर छत्री धरावी लागली, उन्हात पडदा दिसेना.

आधी एक हिशेब, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली की ती स्वतःच फाटकन वाजते, आणि तो आवाज नळीपाशी होत नाही, गोळीबरोबर पुढं पळतो. सप्रेसरला तो अडवता येत नाही. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो: शून्य अंशाला सेकंदाला साधारण १०८७ फूट, २० अंशाला ११२६, आजच्या ३७ अंशाला ११५८.

.२२ मध्ये सुखद धक्का बसला. खोक्यावर १२३५ फूट छापलेलं हाय-व्हेलॉसिटी काडतूस माझ्या साडेचार इंची नळीतून १०२० च्या आसपास निघालं. खोक्यावरचा आकडा रायफलच्या लांब नळीचा असतो. म्हणजे पिस्तुलात साधं स्वस्त .२२ मुळातच सबसॉनिक, महागडं 'सबसॉनिक' छापलेलं घ्यायचं कारणच नाही. ते घेतलं तर उलटाच ताप: बोल्ट (दर बाराला मागंपुढं सरकणारा भाग) पुरता मागं येत नाही आणि रिकामं काडतूस दारात अडकतं. हे खोकं मी रायफलवाल्या मित्राला देऊन टाकलं.

९ एमएममध्ये ११५ ग्रेन ११८० फूट, इतक्या उन्हातही फाटकन वाजलं. १२४ ग्रेन १११५, आज वाजलं नाही. १४७ ग्रेन ९६५, त्याला कशाची भीतीच नाही. .४५ मध्ये २३० ग्रेन ८२५ फूट. दुकानदार म्हणाला ते बरोबर, .४५ चं साधं काडतूस कुठल्याही हवेत सबसॉनिकच राहणार.

१२४ ग्रेनपुढं वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. थंडीत बघू.

२० सप्टेंबर

आज नेम बाजूलाच राहिला, पिस्तूल चालतं ठेवण्यातच वेळ गेला.

९ एमएम आणि .४५ दोन्हींत नळी दर बाराला किंचित मागं येऊन कलते. तिच्या टोकाला पाऊण पौंडाचा डबा लटकवला की ती कलायला तयार होत नाही. त्यासाठी सप्रेसरमध्ये स्प्रिंगवाला बूस्टर असतो, त्याला नील्सन डिव्हाइस म्हणतात. तो बाराच्या क्षणी डब्याचं वजन नळीपासून थोडा वेळ सुटं करतो. .२२ ची नळी फ्रेमला घट्ट, तिथं ही भानगडच नाही.

.४५ पहिल्यापासून मख्खनसारखं चाललं. ९ एमएममध्ये १४७ ग्रेनला दर मॅगझिनमध्ये कुठंतरी रिकामं काडतूस उभं अडकायचं. आधी काडतुसांवर खापर फोडलं, दुसऱ्या कंपनीची आणली, तेच. मग बूस्टर उघडला. कारखान्यातून आलेलं घट्ट ग्रीस आतल्या धुळीबरोबर चिकट राळ होऊन बसलं होतं, पिस्टन बोटानं दाबला तर खरखरत यायचा. पुसून पातळ तेलाचा हात दिला, अडकणं बंद. दर वेळी घरी आल्यावर पिस्टन पुसायचा, हे आता पाठ झालंय.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. सप्रेसरमुळं गॅस पुढं जायला वेळ घेतो, मग तो स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) उघडताच मागून येतो. .४५ चा धूर थेट चष्म्यावर. चष्मा नसेल तर डोळे चुरचुरतात. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणतो, "दाजी, म्हणजे चुलीपाशी बसल्यासारखंच." अगदीच खोटं नाही.

आणि डबा लावला की मूळचे साइट्स (नेम धरायच्या खुणा) झाकले जातात. उंच साइट्सचे वेगळे पैसे पडले. लावल्यावर गोळ्या सुमारे दोन इंच खाली, पण सारख्याच खाली पडतात. तेवढं धरून नेम घ्यायचा.

२७ डिसेंबर

ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो दिवस. मेहुणा नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलाय. एच-वनवर आहे, म्हणून पिस्तुलाला हात लावायचा नाही, काडतुसांच्या पेटीलाही नाही. काम फक्त ऐकायचं आणि लिहायचं. याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तो योग्य माणूस.

पद्धत अशी: तो पाठ फिरवून उभा. कुठलं पिस्तूल हे त्याला माहीत नाही. मी क्रम पत्ते पिसून ठरवलेला. आधी तो माझ्या बाजूला तीसेक पावलांवर, मग ओकच्या रांगेपाशी, मग घोड्यांच्या कुंपणाशी, म्हणजे अंदाजे दीडशे मीटरवर. त्याची वही जवळजवळ जशीच्या तशी उतरवतो.

तीस पावलांवर. .२२: "खट्. काहीतरी लोखंडी हललं. मग मातीत धप्." ९ एमएम १४७: "टप, जरा टोकदार." .४५: "ठप्प. जाड. पण डोक्यात जात नाही." ९ एमएम ११५: "दाजी, हे सायलेन्सर लावलेलं आहे का नक्की?"

.२२ बद्दल त्यानं लिहिलेलं महत्त्वाचं. त्याला ऐकू आलं ते बाराऐवजी बोल्ट आपटणं आणि गोळी बांधात रुतणं. डब्यानं बार इतका खाली आणला, की आता उरलेले आवाज पिस्तुलाच्या यंत्राचे आणि टारगेटचे. आणखी भारी सप्रेसर घेऊन ते कमी व्हायचे नाहीत.

दर मॅगझिनच्या पहिल्या बारासमोर त्यानं फुली मारली होती. "पहिला जरा मोठा का वाजतो?" डब्यात साधी हवा भरलेली असते, पहिल्या बाराला अर्धवट जळालेली दारू तिच्यातल्या ऑक्सिजनमध्ये पुन्हा पेट घेते. पुढच्या बारांना आत जळका वायूच असतो. दहा मिनिटं थांबलं की हवा पुन्हा आत शिरते आणि ये रे माझ्या मागल्या. मी त्याला काही सांगितलेलं नसताना त्यानं हे टिपलं, म्हणून वहीवर माझा विश्वास बसला.

ओकच्या रांगेपाशी गंमत झाली. ९ एमएम ११५ ला त्यानं लिहिलं, "फट्ट! पण तुमच्याकडून नाही, झाडांतून." गोळीचा फटका झाडांवर आपटून परत येतो. माळावर तो विरून जातो, झाडं, भिंत किंवा बांध असला की दुप्पट झोंबतो. तुमची जागा झाडीत असेल तर सुपरसॉनिक काडतुसाला सप्रेसर लावणं म्हणजे अर्धंच काम.

कुंपणापाशी .२२ त्याला ऐकूच आलं नाही. ९ एमएम १४७ आणि .४५ यांच्यातला फरक सांगता येईना, एकदा .४५ ला ९ म्हणाला, एकदा उलट. जवळून .४५ जाड आणि ९ टोकदार, पण दीडशे मीटरवर दोन्ही नुसती "टप". घोड्यांनी .२२ ला मान वर केली नाही, १४७ ला आणि .४५ ला कान टवकारले, आणि ११५ ला पळाल्या.

इथं एक खोट सांगायला हवी. ९ एमएम मी .४५ च्या भोकाच्या डब्यातून चालवलं. भोक मोठं म्हणजे गोळीमागून जादा वायू निसटतो. ९ च्याच भोकाचा डबा असता तर तिचा आवाज आणखी थोडा खाली आला असता. दाबाचं गणितही उलटसुलट आहे: ९ एमएमची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, .४५ ची २१,०००, .२२ ची २४,०००. .४५ चा दाब कमी, पण वायू जास्त आणि भोक मोठं. .२२ मध्ये दारूच चिमूटभर, म्हणून .२२ जिंकतं. कॅलिबरच्या नुसत्या नावावरून यातलं काही कळत नाही.

मेहुण्यानं शेवटी विचारलं, "सिनेमात तर नुसतं 'प्यू' ऐकू येतं?" त्याला जेवायला घेऊन गेलो.

३१ जानेवारी २०२६

सकाळी सातला पारा दोनवर. बोटं बधिर. फक्त १२४ ग्रेनचं प्रश्नचिन्ह सोडवायला आलो.

दोन अंशाला ध्वनीचा वेग १०९१ फूट. तेच खोकं, तीच नळी. गारठ्यानं दारूही जरा मंदावली, सरासरी ११०० च्या आसपास आली, आणि बहुतेक गोळ्या फटकन वाजल्या. ऑगस्टमध्ये जे काडतूस शांत होतं ते जानेवारीत शांत नाही. "१२४ सबसॉनिक आहे हो" असं कुणी सांगितलं तर कुठल्या महिन्यात, ते विचारा. मिनेसोटावाल्यांनी तर १२४ चा नादच सोडावा.

१४ फेब्रुवारी

साफसफाई. .२२ चा डबा उघडला तर बॅफलवर शिशाचा राखाडी थर, नखानं निघेना. .२२ ची गोळी बहुतेक उघड्या शिशाची असते, म्हणून तिचा डबा उघडता येणारा हवा आणि त्यातून दुसरं काही चालवायचं नाही. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उतारा बरेच जण सुचवतात. त्यानं शिसं सुटतं, पण जे पाणी उरतं ते विषारी लेड ॲसिटेट. घरात मुलं आहेत, मी त्या वाटेला गेलो नाही. लाकडी काडी, ब्रश, घराबाहेर, हातमोजे घालून. संध्याकाळ गेली.

खर्च, साधारण: दोन डबे अकराशे, कर चारशे, आट्याची नळी, पिस्टन, उंच साइट्स आणि सळई मिळून चारशेच्या पुढं. काडतूस .२२ चं दहा सेंट, ९ एमएम १४७ ग्रेनचं चाळीस, .४५ चं पन्नासच्या वर. वडिलांना पुण्याला फोनवर हे सांगितलं. त्यांच्या ओळखीतल्या एकाकडं परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, ते काडतुसं मोजून वापरतात. वडील म्हणाले, "अरे, एवढ्यात स्कूटर येते."

ठरलं ते हे. रोजच्या सरावाला .२२, त्यात वाद नाही. मोठं पिस्तूल हवं असेल तेव्हा ९ एमएम, फक्त १४७ ग्रेन. .४५ आवाजात हरलं नाही, पण दर काडतुसाला दहा-पंधरा सेंट जास्त देऊन आणि चष्मा पुसत बसून कुंपणापाशी कुणाला फरकच कळत नसेल, तर कशाला. ते पिस्तूल विकत नाही, फक्त त्याचा पिस्टन डब्यातून काढून ९ चा कायमचा बसवला.

आता कर शून्य आहे, म्हणून ९ च्या भोकाचा स्वतंत्र डबा सांगितला. ठसे आणि फोटो पुन्हा. मेहुणा पुढच्या नाताळात येईल तेव्हा हीच चाचणी त्याच्यावर. तोवर ९ एमएमचे आकडे वरचे धरायचे, पण ते .४५ च्या भोकातून आलेत हे लक्षात ठेवून.